ओढते किती, पेलते किती

ऑक्टोबर २०१२मध्ये 'एंडेव्हर' हे अंतराळयान लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून निघालं. विमानतळावरून कॅलिफोर्निया सायन्स सेंटरकडे, माणसाच्या चालीहूनही सावकाश. वाटेत ४०५ क्रमांकाच्या महामार्गावरचा पूल लागत होता. पुलाच्या वजनमर्यादेमुळे यान एका वेगळ्या ट्रॉलीवर घेतलं आणि पलीकडे न्यायला जुंपली एक टोयोटा टुंड्रा, दुकानात मिळते तशीच. यान आणि ट्रॉली मिळून वजन सुमारे १,३२,००० किलो. टुंड्राची कागदोपत्री ओढण्याची क्षमता साडेचार हजार किलोंच्या आसपास. कंपनीने त्याची जाहिरात केली नसती तरच नवल.

पण त्या तमाशातली गोम वेगळीच होती. यानाचा भार टुंड्रावर नव्हता, ट्रॉलीच्या चाकांवर होता. सपाट रस्त्यावर आणि गोगलगायीच्या गतीने, चाकांवरचं ओझं नुसतं हलवायला फारसा जोर लागत नाही. गाडी ओढते किती, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका महत्त्वाचा नाही. ती पेलते किती, हे विचारावं लागतं. आणि मध्यम आकाराच्या पिकअपमागे लहानसा ट्रॅव्हल ट्रेलर लावून सुट्टीला निघालेली हजारो अमेरिकन कुटुंबं नेमका हाच प्रश्न विचारायचा विसरतात.

गाडीमागे घर जोडून हिंडायची ही हौस जुनी आहे. १९१९ साली फ्लॉरिडातल्या टॅम्पा शहरात 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही मंडळी एकत्र आली. तिसाच्या दशकात वॉली बायम याने चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची 'एअरस्ट्रीम' बाजारात आणली. १९६८मध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या रे ओलेकोने फायबरग्लासची दोन कवचं एकावर एक बसवून जेमतेम तेरा फुटांचा 'बोलर' बनवला. आज हा धंदा मुख्यतः इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट परिसरात एकवटला आहे. एरवी स्वतःच्या घरी मोटार न ठेवणारे आमिश कारागीर तिथल्या कारखान्यांत मोठ्या संख्येने ही फिरती घरं बांधतात, हा त्यातला मजेदार भाग.

मध्यम पिकअप म्हणजे टोयोटा टाकोमा, शेवरोले कोलोरॅडो, फोर्ड रेंजर, निसान फ्रंटिअर या गाड्या. आपल्याकडच्या हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉसच्या अंगाच्या. रोज कामावर नेता येते, गॅरेजमध्ये मावते, आणि माहितीपत्रकातला आकडाही तोंडाला पाणी सुटावं असा. २०१६ ते २०२३ दरम्यानच्या व्ही-सिक्स टाकोमाचा कमाल आकडा होता ६,८०० पौंड, म्हणजे सुमारे ३,०८० किलो. समोर ट्रेलरविक्रेत्याचं पत्रक असतं. वीस फुटी ट्रेलर, आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास-न्हाणी, आणि वजन १,६५० किलो. क्षमतेच्या जेमतेम निम्मं! सौदा तिथेच ठरतो.

त्या १,६५० किलोंपासूनच गडबड सुरू होते. ते रिकाम्या ट्रेलरचं वजन असतं. पाण्याची तीस गॅलनची टाकी भरली की ११४ किलो वाढले. समोरचे गॅसचे दोन सिलिंडर भरलेले असले तर चौतीसेक किलो. मग बॅटरी, खुर्च्या, अंथरुणं, भांडीकुंडी, आणि भारतीय कुटुंब असेल तर कुकर, तांदूळ, लोणच्याची बरणी. 'द लाँग, लाँग ट्रेलर' या १९५४च्या सिनेमात ल्युसिल बॉल मुक्कामामुक्कामाला आठवण म्हणून दगड गोळा करते आणि नवऱ्याच्या नकळत ट्रेलरमध्ये लपवते. पुढे डोंगरातल्या चढणीवर ते दोघांच्या जिवावर बेततं. प्रेक्षक हसतात, पण वजनाचा हिशोब त्या विनोदी चित्रपटाने बहुतेक विक्रेत्यांपेक्षा प्रामाणिकपणे मांडला आहे. तर, निघताना आपला ट्रेलर २,००० किलोंचा झाला, असं धरू. अजूनही ३,०८०च्या बराच आत.

आता चालकाच्या बाजूचं दार उघडायचं. खांबावर एक छोटं लेबल चिकटवलेलं असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर जाऊ नये, असं त्यावर छापलेलं असतं. हा आकडा मॉडेलचा सरासरी आकडा नसतो. ज्या गाडीवर लेबल आहे, त्याच गाडीचा असतो, तिच्यावर बसवलेल्या सगळ्या चैनीच्या वस्तू वजा करून. चार दारांच्या, चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या टाकोमावर तो अनेकदा १,१५० पौंडांच्या, म्हणजे ५२० किलोंच्या आसपास भरतो. यात चालकही मोजायचा असतो, आणि ट्रेलरचं जे ओझं जोडणीच्या गोळ्यावर टेकतं तेही.

हे टेकणारं ओझं किती असावं? अमेरिकेतला रूढ नियम ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला याचं कारण सांगायला नको. ओझं आखाच्या मागे गेलं की गाडी उलाळ होते, धुरा वर उचलते. फार पुढे आलं की बैलांच्या मानेवर बसतं. ट्रेलरचंही तेच, फक्त इथे मान म्हणजे पिकअपचा मागचा भाग.

हिशोब मांडू. २,००० किलोंचे तेरा टक्के म्हणजे २६०. भार वाटून देणारी खास जोडणी, तिचे स्वतःचेच पस्तीस-चाळीस किलो. नवरा, बायको, दोन मोठी मुलं मिळून २२०. बेरीज ५२०. संपलं. मागच्या हौद्यात सायकल ठेवायची सोय नाही, हौद्यावर झाकण बसवलेलं असेल तर मर्यादा आधीच ओलांडली. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांना दुसऱ्या गाडीतूनच यावं लागेल. आणि ओढण्याच्या क्षमतेतले हजार किलो अजून तसेच पडून!

हे २६० किलो मागच्या चाकांवर सरळ उभेही राहत नाहीत. गोळा मागच्या आखाच्या सव्वा मीटर मागे असतो, दोन आखांमधलं अंतर सव्वातीन मीटर. तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचे शंभरेक किलो उचलले जातात आणि मागच्या आखावर ३६० पडतात. स्टिअरिंग हलकं लागतं, दिवे समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातात. वर उल्लेखलेल्या जोडणीच्या पोलादी पट्ट्या हा भार ताणून पुन्हा पुढे ढकलतात. त्याने गाडी सरळ बसते. लेबलवरचा आकडा मात्र वाढत नाही, कुणी कितीही छातीठोकपणे सांगो.

काही जण यावर सोपा उपाय काढतात. सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला रचायचं, म्हणजे गोळ्यावरचं ओझं कमी. जीव जायची वाट हीच. मागे जड झालेला ट्रेलर एका ठरावीक वेगापलीकडे डोलू लागतो. त्या वेगाच्या खाली डोलणं आपोआप विरतं, वर गेलं की प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा. शेजारून मोठा ट्रक गेला, त्याच्या हवेचा धक्का बसला, एवढं निमित्त पुरतं. अशा वेळी पिकअपचा ब्रेक दाबणं ही पहिली प्रतिक्रिया असते आणि तीच चुकीची. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डजवळच्या नियंत्रकाची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. युरोपात गोळ्यावर पाच-सात टक्के भार पुरेसा मानतात, पण तिथे वेगही कमी असतो. जर्मनीत ट्रेलरसह सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर. कॅलिफोर्नियातही ट्रेलर ओढणाऱ्यांना ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटरच आहेत, हे तिथल्या महामार्गावर उभं राहून पाहिलं तर खरं वाटणार नाही.

मग माहितीपत्रकातला आकडा खोटा असतो का? पूर्वी तो बराचसा कंपनीच्या मर्जीचा होता. अमेरिकन वाहन अभियंत्यांच्या संस्थेने, एसएईने, जे-२८०७ हे मानक आणलं आणि २०११च्या मॉडेलांपासून टोयोटाने ते सर्वांआधी पाळलं. बाकीच्यांना यायला काही वर्षं लागली. त्यातली गाजलेली परीक्षा अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढणीची. १८ किलोमीटरांचा घाट, ३८ अंश किंवा त्याहून अधिक उन्हाळा, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी ६४ किलोमीटरांखाली जाता कामा नये. परीक्षा कडक आहे, यात शंका नाही. पण ती देताना गाडीत माणसं दोन, प्रत्येकी ६८ किलोंची. मुलं नाहीत, कुत्रा नाही, हौद्यात सरपण नाही.

खरं वजन कळायची जागा त्या मानाने अगदी साधी आहे. महामार्गालगतच्या ट्रकथांब्यांवर 'कॅट स्केल'चे काटे असतात, ही कंपनी १९७७पासूनची. मालट्रकांच्या रांगेत आपली पिकअप घालायची, पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. चिठ्ठी घ्यायची. मग ट्रेलर सोडून, तीच माणसं आणि तेच सामान घेऊन नुसती पिकअप पुन्हा काट्यावर न्यायची. पिकअपच्या दोन वजनांतला फरक म्हणजे गोळ्यावरचा भार. पाऊण तासाचं काम, पण ट्रेलरच्या पडद्यांचा रंग निवडायला यापेक्षा जास्त वेळ घालवलेला असतो.

वजनाचा हिशोब जुळला तरी वारा उरतोच. ताशी ९० ऐवजी १०५ने गेलं तर हवेचा विरोध तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढतो. चौकोनी उभ्या तोंडाच्या ट्रेलरमुळे टाकोमाचं मायलेज लिटरला साडेआठ किलोमीटरवरून साडेचारच्या खाली येणं नेहमीचं. बोलरसारखे बुटके, गोलसर ट्रेलर इथे बाजी मारतात. टाकोमाची इंधनाची टाकी ८० लिटरची. नेवाडात टोनोपाहून ईलीकडे निघालं तर २६० किलोमीटरांहून अधिक अंतरात एकही पंप नाही.

ऑस्ट्रेलियात हायलक्सला ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी ३,५०० किलोंची परवानगी आहे, आणि तिथेही गाडी, माणसं, सामान आणि ट्रेलर यांची एकत्र बेरीज मांडताना लोकांची अशीच दमछाक होते. अमेरिकेत २०२४ची नवी टाकोमा आली तेव्हा तिच्या हायब्रिड आवृत्तीचा टॉर्क जुन्या व्ही-सिक्सच्या ३५९ न्यूटन-मीटरवरून एकदम ६३० झाला. विद्युत मोटर आणि बॅटरीने गाडी जड झाली. तिचा ओढण्याचा कमाल आकडा ६,००० पौंड ठरला, साध्या पेट्रोल टाकोमाच्या ६,५००पेक्षा कमी.