फ्रंटएंड कोडमधील अवलंबित्वाचा नकाशा

पोलादपूरहून महाडकडे येणाऱ्या सावित्रीला पुढे गांधारी आणि काळ या नद्या मिळतात व सारे पाणी बाणकोटच्या खाडीकडे जाते. वेबसाइटच्या दर्शनी भागाचा, म्हणजे फ्रंटएंडचा, कोडही अशाच दिशादर्शक आलेखाने दाखवता येतो, ज्यात प्रत्येक फाइल हा बिंदू असतो आणि एका फाइलने दुसरीतून कोड आयात करणे हा बाण असतो. नदी उगमाकडे परतत नाही, कोडमध्ये मात्र एक फाइल दुसरीवर आणि दुसरी पुन्हा पहिलीवर विसंबू शकते. या चक्रीय अवलंबित्वामुळे एखादे मूल्य तयार होण्याआधीच वापरले जाऊन चूक उद्भवू शकते. ‘मॅज’ हे मुक्त साधन अशी चक्रे शोधते, तर ‘डिपेंडन्सी क्रूझर’ त्याहून अधिक उपयुक्त ठरते, कारण त्यात कोणत्या फोल्डरने कोठून आयात करू नये याचे नियम लिहिता येतात.

बाहेरच्या पॅकेजांचे अवलंबित्व तर अधिक खोल असते: मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज एनपीएम या पॅकेज-भांडारावरून काढले गेले आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्यांनी आपल्या छोट्या प्रकल्पावरही ‘मॅज’ एकदा चालवून पाहावे.