डब्यावरची कवटी काय सांगते?



मागे कारखान्याच्या कामानिमित्त आम्ही भिवंडीस गेलो होतो. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. गल्लोगल्ली मागांचा खडखडाट आणि नाक्यानाक्यावर रोहित्रे. रोहित्रावर पाटी : 'धोका, ११००० व्होल्ट', आणि सोबत कवटी व दोन हाडांची फुली. मागावरचे कितीतरी कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले. अनेकांना मराठी वाचता येत नाही. पण कवटी सर्वांना वाचता येते. म्हणूनच १९५६ च्या वीज नियमांनी २५० व्होल्टांवरील वीजसंचांवर स्थानिक भाषेतील सूचनेबरोबर हे चित्र सक्तीचे केले आणि २०१० च्या नव्या नियमांतही ते कायम राहिले.

हे चित्र मुळात धोक्याचे नव्हे. मध्ययुगात युरोपातील थडग्यांवर ते कोरीत, ते 'माणूस मर्त्य आहे' याची आठवण म्हणून. अठराव्या शतकाच्या आरंभी समुद्री चाच्यांनी ते काळ्या निशाणावर घेतले. विषाच्या बाटलीवर ते आले १८५० नंतर. आपल्याकडे तर शंकराच्या गळ्यात रुंडमाळा असते. ती बघून देवळातून कोणी पळत नाही! थोडक्यात, खुणेचा अर्थ शिकवावा लागतो. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे १९७१ साली डॉक्टरांनी मुलांसाठी कवटीऐवजी तोंड वाकडे केलेला हिरवा चेहरा काढला. कारण काय, तर कवटी दिसली की मुलांना चाच्यांचा खेळ आठवे.

आता आपल्या शेताकडे वळू. आपण म्हणतो, 'औषध मारायचंय', 'औषध आणलंय'. जिभेवर औषध, पण डब्यावर लिहिलेले असते विष. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर शंकरपाळ्यासारखा चौकोन छापावा लागतो. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात शब्द, खालच्या अर्ध्या भागात रंग. रंग चार :

लाल – अति जहाल विष. वर कवटी-हाडे आणि 'विष' हा शब्द.
पिवळा – जहाल विष. वर 'विष' हा शब्द, पण कवटी नाही.
निळा – मध्यम विषारी. 'धोका'.
हिरवा – कमी विषारी. 'सावधान'.

खरी गोम पिवळ्यात आहे. कवटी फक्त लाल रंगावर असते. हुमणीसाठी आपण वर्षानुवर्षे वापरलेले फोरेट लाल गटातले. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. पण वाळवी-हुमणीसाठी वापरले जाणारे क्लोरपायरीफॉस पिवळ्या गटात मोडते. डब्यावर कवटी दिसत नाही, म्हणून गडी उघड्या हाताने कालवतो. अहो, तेही विषच आहे! घरातल्या २३० व्होल्टच्या बटणावर कवटीची पाटी नसते, म्हणून त्याचा झटका जीव घेत नाही काय? कवटी असली तर धोका नक्की. पण कवटी नाही म्हणजे धोका नाही, असे मुळीच नव्हे.

हे विष पोटात जावेच लागते असेही नाही. श्वासावाटे आणि कातडीवाटेही ते अंगात शिरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. आपल्या वाढलेल्या उसात शिरून फवारणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट घरची. उरलेले औषध कोणी तेलाच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवतो, कोणी शेजाऱ्याला तांब्यातून देतो. खूण डब्यावर असते, औषधावर नसते. बाटली बदलली की कवटीही गेली, रंगही गेला. मग रात्री अंधारात चाचपडणाऱ्या म्हाताऱ्याने किंवा तहानलेल्या पोराने काय ओळखावे?

म्हणून सभासदांस विनंती :

औषध मूळ डब्यातच, कुलपात ठेवावे. घेताना आधी रंग बघावा, मग भाव विचारावा. कालवताना काठी व हातमोजे वापरावेत. फवारणी वाऱ्याच्या दिशेने करावी, वाऱ्याविरुद्ध नको. रिकामे डबे फोडून वस्तीपासून व पाण्यापासून दूर पुरावेत; घरात पाण्याला किंवा धान्याला वापरू नयेत. आणि कोणाला बाधा झालीच, तर रोग्याबरोबर डबा व त्यातले माहितीपत्रकही डॉक्टरांकडे न्यावे. उतारा कोणता द्यावयाचा, ते त्यावर छापलेले असते.

आज संध्याकाळी घरातल्या लहानथोरांना जवळ बसवा आणि एक डबा लांबूनच दाखवा. लाल कोणता, पिवळा कोणता, एवढे प्रत्येकाला सांगता आले पाहिजे. आणि फवारणीला येणाऱ्या गड्याला विसरू नका. डबा त्याच्याच हातात असतो.