वेब सर्व्हर आणि ॲप्लिकेशन : जोडणीचे अर्थशास्त्र

परीक्षेचा निकाल जाहीर होतो त्या घटकेला लाखो विद्यार्थी एकाच संकेतस्थळाकडे वळतात. अनेकांच्या पडद्यावर गुणपत्रकाऐवजी ५०२ किंवा ५०४ असा आकडा उमटतो. ‘सर्व्हर बंद पडला’ असे आपण म्हणतो. वस्तुतः हा आकडा धाडणारा दर्शनी सर्व्हर चालूच असतो. त्याच्या मागे काम करणाऱ्या यंत्रणेकडून योग्य उत्तर आले नाही, हे ५०२ सांगतो. ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही, हे ५०४ सांगतो. म्हणजे दोष दोन यंत्रणांच्या सांध्यापाशी किंवा त्यापलीकडे असतो. शासकीय सेवा मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन झाल्यामुळे हा सांधा कसा काम करतो, हे समजून घेणे ई-प्रशासनाच्या अभ्यासकालाही आवश्यक झाले आहे.

दोन कामे, दोन यंत्रणा

वेब सर्व्हरचे काम म्हणजे नागरिकाच्या संगणकाकडून वा मोबाइलवरून आलेली विनंती स्वीकारणे आणि उत्तर परत पाठविणे. १९९५ साली आलेला अपाची आणि २००४ साली खुला झालेला एन्जिनएक्स हे असे सर्व्हर होत. माहितीपुस्तिका, छायाचित्र यांसारख्या तयार फायली सर्व्हर स्वतःच देऊ शकतो. मात्र आसन क्रमांक टाकल्यावर दिसणारे गुणपत्रक त्या क्षणी तयार करावे लागते. ते काम वेब ॲप्लिकेशनचे असते.

अशा प्रत्येक ॲप्लिकेशनमध्ये काही कामे समान असतात : विनंती योग्य विभागाकडे सोपविणे, अर्ज तपासणे, डेटाबेसमधून माहिती काढणे, पान रचणे. या समान कामांचा तयार सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. पायथन या भाषेतील जँगो हे फ्रेमवर्क अमेरिकेच्या कॅन्सास राज्यातील एका वृत्तपत्राच्या कामातून घडले व २००५ साली सर्वांसाठी खुले झाले. सर्व्हर आणि फ्रेमवर्क बहुधा वेगवेगळे लोक, वेगवेगळ्या भाषांत तयार करतात. त्यांनी एकमेकांशी कोणत्या रीतीने बोलावे, हा जोडणीचा मूळ प्रश्न आहे.

पहिला करार आणि त्याची किंमत

या प्रश्नाचे पहिले सर्वमान्य उत्तर १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्राच्या सर्व्हरसोबत आले. ‘कॉमन गेटवे इंटरफेस’ अर्थात सीजीआय हे त्याचे नाव. रीत साधी होती. विनंती आली की सर्व्हरने ॲप्लिकेशनची आज्ञावली सुरू करावी, विनंतीचा तपशील तिला द्यावा, तिने दिलेले उत्तर पुढे पाठवावे. मग ती आज्ञावली संपावी. भाषा कोणतीही असो, हा करार पाळता येत असे.

अर्थशास्त्राच्या भाषेत यातील दोष असा की, एकदाच करावयाचा स्थिर खर्च येथे प्रत्येक विनंतीमागे पुन्हा करावा लागतो. खिडकीवर येणाऱ्या प्रत्येक ग्राहकासाठी नवा लिपिक नेमावा आणि काम होताच त्याला निरोप द्यावा, तसा हा प्रकार. १९९० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या फास्टसीजीआयने आज्ञावली सतत जागी ठेवण्याची व्यवस्था केली. नेमलेला लिपिक खिडकीवर कायम राहिला आणि दर विनंतीचा खर्च उतरला.

गुणाकाराऐवजी बेरीज

यापुढील अडचण तंत्राइतकीच बाजाररचनेचीही होती. पायथन भाषेत अनेक फ्रेमवर्क निर्माण झाली. परंतु एखादे फ्रेमवर्क निवडले की त्याबरोबर कोणते सर्व्हर चालतील हेही बहुधा ठरून जाई. सहा फ्रेमवर्क पाच सर्व्हरांशी जोडावयाची असतील, तर ३० स्वतंत्र जोडण्या लिहाव्या लागतील. सर्वांनी एकच मानक मान्य केले, तर सहा अधिक पाच, म्हणजे ११ जोडण्या पुरतात. जावा भाषेत सर्व्हलेट या मानकाने हा लाभ १९९० च्या दशकातच दाखवून दिला होता.

डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबी यांनी पायथनसाठी ‘वेब सर्व्हर गेटवे इंटरफेस’ अर्थात डब्ल्यूएसजीआय या मानकाचा मसुदा मांडला. त्यातील करार थोडक्यात असा : सर्व्हरने ॲप्लिकेशनला दोन गोष्टी द्याव्यात. पहिली, विनंतीचा सर्व तपशील असलेली सूची. दुसरी, उत्तर सुरू होत असल्याचे कळविण्याचे साधन. ॲप्लिकेशनने त्या साधनाद्वारे उत्तराची स्थिती व शीर्षमाहिती कळवावी आणि मजकूर तुकड्या-तुकड्यांनी परत करावा. एवढ्या लहान करारामुळे फ्रेमवर्क न बदलता सर्व्हर बदलणे शक्य झाले. रुबी भाषेसाठी रॅक हे मानक २००७ साली याच धर्तीवर आले.

रांगेचे गणित

आजची प्रचलित मांडणी तीन टप्प्यांची आहे. दर्शनी सर्व्हर गर्दी अंगावर घेतो व तयार फायली स्वतः देतो. उरलेल्या विनंत्या तो ॲप्लिकेशन सर्व्हरकडे सोपवितो. तेथे ठरावीक संख्येने कार्यप्रक्रिया सतत जाग्या असतात. त्यांच्या मागे डेटाबेस असतो.

किती कार्यप्रक्रिया लागतील? १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो : स्थिर स्थितीत यंत्रणेतील सरासरी कामे म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येक कामाचा सरासरी वेळ. उदाहरणादाखल, सेकंदाला ४०० विनंत्या येत आहेत व प्रत्येकीस अर्धा सेकंद लागतो असे मानू. एक प्रक्रिया एका वेळी एकच विनंती हाताळत असेल, तर किमान २०० प्रक्रिया हव्यात. उपलब्ध प्रक्रिया ४० असतील, तर सेकंदाला ८० विनंत्याच निकाली निघतील. मिनिटाअखेर १९,२०० विनंत्या खोळंबतील. कंटाळलेला विद्यार्थी पान पुन्हा उघडू पाहतो आणि रांगेत आणखी एक विनंती घालतो. प्रत्येकाची कृती स्वतःपुरती शहाणपणाची, पण तिचा भार सर्वांवर पडतो.

यावर प्रक्रिया वाढविणे हा एक उपाय आहे. परंतु त्यास स्मृतीची मर्यादा असते आणि डेटाबेस मंद असेल तर रांग केवळ एक टप्पा मागे सरकते. दुसरा उपाय कामाचा वेळ घटविण्याचा. जाहीर झालेला निकाल क्षणाक्षणाला बदलत नाही. तो आधीच तयार करून स्मृतीत ठेवला व प्रत्येक विनंतीचा वेळ ०.०५ सेकंदावर आणला, तर २०० च्या जागी २० प्रक्रिया पुरतात. नवी यंत्रे खरेदी करण्यापूर्वी हा हिशेब मांडणे सार्वजनिक निधीच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

धोरणाशी संबंध

जोडणीच्या मानकाचे महत्त्व भारताला नवे नाही. मिरज स्थानकात एकेकाळी ब्रॉड गेज, मीटर गेज आणि नॅरो गेज असे तिन्ही रुळमार्ग एकत्र येत. गेज बदलले की माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरणे आले. १९९२ साली हाती घेतलेल्या एक-गेज प्रकल्पामागे हाच खर्च टाळण्याचा हेतू होता. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयनेही अनेक बँका आणि अनेक ॲप यांच्यातील गुणाकाराचे रूपांतर बेरजेत केले.

ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्र सरकारने २०१० साली जाहीर केले. २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण आले. यांमागील आर्थिक तर्क सरळ आहे. एखाद्या विभागाची सेवा एकाच पुरवठादाराच्या खासगी जोडणीवर उभी असेल, तर करार संपल्यावर बदलाचा खर्च इतका मोठा होतो की स्पर्धा नाममात्र उरते. जोडणी खुल्या मानकानुसार असेल, तर एक घटक बदलून बाकीचे कायम ठेवता येतात.

अर्थात मानक हे सर्व दोषांवरील औषध नव्हे. डब्ल्यूएसजीआयची रचना एक विनंती व एक उत्तर या कल्पनेवर आधारलेली आहे. दीर्घकाळ खुल्या राहणाऱ्या संपर्कासाठी ती अपुरी पडली. त्यामुळे एएसजीआय हे नवे मानक पुढे आले आणि डिसेंबर २०१९ मध्ये जँगोच्या ३.० आवृत्तीने त्यास आधार देण्यास सुरुवात केली. मानकांचाही वेळोवेळी आढावा घ्यावा लागतो.

निष्कर्ष

संगणकीय सेवांची चर्चा यंत्रांची संख्या आणि मंजूर निधी यांभोवती फिरते. परंतु दूरच्या तालुक्यातील विद्यार्थ्याला निकाल वेळेवर दिसणे, हे दोन आज्ञावलींमधील एका लहानशा करारावर आणि त्यामागील रांगेच्या हिशेबावर अवलंबून असते. निविदेत यंत्रांच्या क्षमतेबरोबरच जोडणीचे मानक, गर्दीच्या वेळचा अपेक्षित भार आणि त्याची पूर्वचाचणी यांचा स्पष्ट उल्लेख असेल, तरच सार्वजनिक खर्चाचे रूपांतर सार्वजनिक सेवेत होईल.