कालबाह्य पारपत्रातील वैध व्हिसा
कालबाह्य पारपत्रातील वैध व्हिसा म्हणजे ज्या पारपत्राची (पासपोर्टची) मुदत संपली आहे किंवा जे रद्द झाले आहे, अशा पारपत्रात असलेला, परंतु स्वतःची मुदत शिल्लक असलेला व्हिसा होय. पारपत्र धारकाचा देश देतो, तर व्हिसा ज्या देशात जायचे तो देश देतो. त्यामुळे पारपत्राची मुदत संपल्याने व्हिसा आपोआप रद्द होतोच असे नाही. मात्र केवळ जुन्या पारपत्रावर प्रवास करता येत नाही. सोबत वैध नवे पारपत्र आवश्यक असते.

== पार्श्वभूमी ==
भारतात प्रौढ व्यक्तीचे साधारण पारपत्र १० वर्षांसाठी, तर अल्पवयीनांचे सामान्यतः ५ वर्षांसाठी दिले जाते. अमेरिकेचा पर्यटक व्हिसाही भारतीय नागरिकांना १० वर्षांपर्यंतच्या मुदतीचा मिळू शकतो. अशा वेळी व्हिसाची मुदत पारपत्राच्या मुदतीपलीकडे जाते. पाने संपल्यामुळे मुदतीपूर्वी पारपत्र बदलल्यासही हीच स्थिती उद्भवते.

नवे पारपत्र देताना जुन्यावर रद्द केल्याचा शिक्का मारून ते धारकास परत केले जाते. हा शिक्का पारपत्रापुरता असतो; त्यातील परदेशी व्हिसा रद्द करण्याचा अधिकार तो व्हिसा देणाऱ्या देशाकडे असतो.

== विविध देशांतील नियम ==
* '''अमेरिका''' : व्हिसा वैध, न फाटलेला आणि प्रवासाच्या उद्देशास अनुरूप असल्यास जुने व नवे अशी दोन्ही पारपत्रे दाखवून प्रवास करता येतो. दोन्ही पारपत्रे एकाच देशाची व एकाच प्रकारची असावी लागतात. व्हिसा जुन्या पारपत्रातून काढून नव्यात चिकटवल्यास तो अवैध ठरतो.
* '''कॅनडा''' : जुन्या पारपत्रातील वैध व्हिसा नव्या पारपत्रासोबत चालतो.
* '''ऑस्ट्रेलिया''' : व्हिसा संगणकीय नोंदीच्या स्वरूपात पारपत्र क्रमांकाशी जोडलेला असल्याने नव्या क्रमांकाची माहिती तेथील प्रशासनास कळवावी लागते.
* '''युनायटेड किंग्डम''' : ई-व्हिसाधारकांना आपल्या खात्यात नव्या पारपत्राचा तपशील नोंदवावा लागतो.
* '''शेंगेन देश''' : परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान ३ महिने पारपत्र वैध असल्याशिवाय सहसा व्हिसा मिळत नाही, त्यामुळे मुदत संपल्याने असा प्रसंग क्वचितच येतो.
* '''भारत''' : ई-व्हिसा घेतल्यानंतर पारपत्र बदलले असल्यास परदेशी प्रवाशाने जुने पारपत्रही सोबत बाळगणे आवश्यक असते. परदेशस्थ भारतीय नागरिक (ओसीआय) कार्डधारकांना मात्र कार्डासोबत जुने पारपत्र बाळगण्याच्या अटीतून २०२१ मध्ये सूट देण्यात आली.

== चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे ==
हे दोन्ही वनजिल्हे नागपूर येथील प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात. अर्जदाराची पोलीस पडताळणी संबंधित जिल्ह्याच्या पोलिसांमार्फत होते. या भागाला जवळचा आंतरराष्ट्रीय विमानतळही नागपूरच आहे. गडचिरोलीच्या दक्षिण टोकावरील सिरोंचा नागपूरपासून रस्त्याने ३०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्यामुळे जुने पारपत्र घरी राहिल्यास ते उड्डाणापूर्वी आणणे बहुधा अशक्य असते. व्हिसा दाखवता न आल्यास विमान कंपनी प्रवाशाला विमानात बसू देत नाही, कारण प्रवेश नाकारला गेलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी सामान्यतः तिच्यावर येते.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पास भेट देणाऱ्या परदेशी पर्यटकांबाबतही हा प्रश्न उद्भवतो. परदेशी पाहुण्यांची माहिती 'सी फॉर्म' नावाने परिचित असलेल्या नमुन्यात २४ तासांच्या आत कळवणे निवासस्थानाच्या चालकावर बंधनकारक असते. या नमुन्यात पारपत्र व व्हिसा या दोहोंचा तपशील द्यावा लागतो. दोन्ही निरनिराळ्या पुस्तिकांत असल्यास चालकाला दोन्ही पाहावी लागतात.

== मर्यादा ==
जुने पारपत्र हरवल्यास त्यातील व्हिसा वापरता येत नाही व नव्याने अर्ज करावा लागतो. व्हिसाचे पान फाटल्यास किंवा भिजून अवाच्य झाल्यासही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. विवाहानंतर नाव बदलले असल्यास दोन्ही पारपत्रे एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा, उदाहरणार्थ विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मागितला जाऊ शकतो. नियम देशागणिक भिन्न असून वेळोवेळी बदलतात. अंतिम निर्णय प्रवेशस्थानावरील अधिकाऱ्याचा असतो.