अब्बांची ॲम्बेसेडर आणि नवं इंजिन

घरातली जुनी गाडी विकायची नाही, असं एकदा ठरलं की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. मग ती चालवायची कशी? आमच्या अंगणात 1977 सालची ॲम्बेसेडर आहे. अब्बांनी ती घेतली तेव्हा मोहल्ल्यात चारचाकी अशी तीच होती. किती मुली या गाडीतून सासरी गेल्या आणि रात्री-अपरात्री किती बाळंतिणी दवाखान्यात पोचल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. अब्बा गेले, गाडी राहिली.

गेल्या सुट्टीत भाचा कुवेतहून आला. गाडी घेऊन महाडपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "मामू, चढावर हिचा जीव जातो. मी नवं इंजिन टाकून देतो." त्याने मोबाईलवर टोयोटाचं तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन दाखवलं. जपानच्या सुप्रा गाडीतलं, टर्बो असलेलं, 280 हॉर्सपॉवरचं. आमच्या ॲम्बेसेडरचं 1489 सीसीचं इंजिन जेमतेम 50 हॉर्सपॉवरचं. आपाने शेजारून विचारलं, "आणि हे पैसे कुठले? निकाहासाठी ठेवलेलेच ना?" त्यावर तो गप्प बसला.

आम्ही दोघं आमच्या जुन्या उस्तादांकडे गेलो. चाळीस वर्षं त्यांनी याच गाड्या खोलल्या आहेत. त्यांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. खाली वाकून पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "बेटा, ही पळेल. थांबणार कशावर?"

इथे मला माझीच चूक आठवली. बरीच वर्षं झाली, कशेडी घाटातून उतरताना मी गिअर न पाडता नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली होती. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते तापले, पेडल घट्ट राहिलं पण गाडी थांबेना. मागे अम्मी आणि मुलं होती. शेवटी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून कशीबशी कडेला घेतली. दोष गाडीचा नव्हता, माझा होता. पण हिशेब साधा आहे. ताशी 60 ऐवजी 90 च्या वेगाने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकना दीडपट नाही, सव्वादोनपट उष्णता पचवावी लागते. म्हणून इंजिनाआधी ब्रेक. नंतरच्या काही ॲम्बेसेडरना पुढे डिस्क ब्रेक होते. ते सुटे भाग शोधणं हे पहिलं काम, असं उस्तादांचं मत, आणि माझंही.

दुसरी गोष्ट शरीराची. ॲम्बेसेडरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत दाराखालचे पत्रे आतून गंजतात आणि वरून रंग चकाकत राहतो. उस्तादांनी स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं तर एका ठिकाणी तो आरपार गेला. अशा गाडीत लांब, जड, सहा सिलिंडरचं इंजिन बसवायचं म्हणजे आतला पत्रा कापावा लागणार, पुढचा भार वाढणार आणि गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत एकेक वस्तू त्या ताकदीपुढे मान टाकणार. रेडिएटर वेगळाच. इंजिनाची किंमत ही खर्चाची फक्त सुरुवात असते.

मग जास्त ताकद हवी तर काय? हॉर्सपॉवरचा मोठा आकडा इंजिन खूप वेगाने फिरतं तेव्हाचा असतो. आपण बाजारात, घाटात, एसटीच्या मागे गाडी चालवतो तेव्हा इंजिन दोन-तीन हजार फेऱ्यांवर असतं. तिथे किती ओढ मिळते, ते बघायचं. शर्यतीचा कॅमशाफ्ट टाकलेलं इंजिन वरच्या फेऱ्यांवर गर्जतं, पण सिग्नलवर थरथरतं, बंद पडतं, पेट्रोल पितं. रोजच्या गाडीला ते नको.

ॲम्बेसेडरसाठी एक उत्तर कारखान्यानेच दिलं होतं. नव्वदच्या दशकात या गाडीत इसुझूचं 1817 सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स आला. ताकद सुमारे 75 हॉर्सपॉवर, म्हणजे जुन्याच्या दीडपट. कॉन्टेसातही हेच इंजिन होतं. माउंटिंग, शाफ्ट, रेडिएटर सगळं कंपनीने आधी जुळवून पाहिलेलं. पाचव्या गिअरमुळे हायवेवर इंजिन ओरडत नाही, हा फायदा मला ताकदीपेक्षा मोठा वाटतो.

तिसरा मार्ग आपलंच इंजिन नीट करण्याचा. ते इंग्लंडच्या बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातलं. एमजीबी या इंग्रजी स्पोर्ट्स गाडीत याच घराण्याचं 1798 सीसीचं इंजिन सुमारे 95 हॉर्सपॉवर देत होतं. म्हणजे खानदान काही कमजोर नाही! बोअर, नवे पिस्टन, हेडची साफसफाई, नीट जुळवलेला कार्बोरेटर, आणि मुख्य म्हणजे व्हॉल्व्हसाठी कडक सीट. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं या सीटांना झिजण्यापासून वाचवायचं. 2000 सालापासून देशात शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं. आता त्यात 20 टक्के इथेनॉल आलं आहे, ते जुन्या रबरी नळ्या खातं. तेव्हा काही करा न करा, पेट्रोलच्या नळ्या तरी बदलून घ्या. आग लागायला एक थेंब पुरतो.

भाच्याला खरा धक्का बसला तो कागदांचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. "सगळे करतात" म्हणून इंजिन बदललं, आरटीओला आणि विमा कंपनीला सांगितलं नाही, आणि उद्या अपघातात कुणाचा जीव गेला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग घर-जमीन विकून भरपाई कोण देणार? इसुझूचं इंजिन असलं तरी आधी आरटीओचं लेखी उत्तर, मगच बयाणा.

आणखी एक पेच आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीची फी 20,000 रुपये. इंजिनात मोठा बदल केला तर हा मान जातो. पण व्हिंटेज झालेली गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा मोजक्या कामांसाठीच काढायची. आमची गाडी 2027 मध्ये पन्नाशी गाठेल. भाचा म्हणाला, मान राखू. अम्मी म्हणाली, "मान घेऊन काय करू? मला बहिणीकडे खेडला जायचंय."

अम्मीचं ऐकायचं ठरलं. गंजलेले पत्रे कापून नवे लावायला गाडी उस्तादांकडे गेली आहे. ब्रेक आणि नळ्या त्याच वेळी होतील, मग जुनंच इंजिन उतरवून खोलायचं. इसुझूसाठी आरटीओकडे अर्ज दिला आहे, उत्तर यायचं आहे. भाचा कुवेतला परतला. रोज रात्री फोन करतो आणि आपल्या आईची खबर घेण्याआधी विचारतो, "मामू, ड्रम काढले का?"