पोटाचा जुनाट विकार : सांगणे, सांभाळणे आणि बरे होणे

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• पोटाच्या तक्रारींसाठी बोलीत, आयुर्वेदात आणि आधुनिक वैद्यकात वापरल्या जाणाऱ्या शब्दांमधील फरक सांगता येईल.
• आजाराचे मोघम वर्णन आणि नेमके वर्णन यांची तुलना करता येईल.
• ‘गुण येणे’, ‘आटोक्यात राहणे’ आणि ‘बरे होणे’ यांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• स्वतःच्या किंवा घरातील व्यक्तीच्या आजाराचे टिपण तयार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीचा विचार करताना आपल्यासमोर अर्ज, इतिवृत्त, अहवाल हे लेखनप्रकार येतात. परंतु भाषेची खरी कसोटी जेथे लागते अशी एक जागा आपण सहसा ध्यानात घेत नाही. ती जागा म्हणजे दवाखाना. आटपाडी किंवा म्हसवडकडचा रुग्ण पहाटे एस.टी. धरतो, सातारा, कऱ्हाड किंवा मिरज गाठतो, दोन-तीन तास बाकावर बसतो आणि अखेर डॉक्टरांसमोर त्याला काही मिनिटे मिळतात. त्या मिनिटांत तो काय सांगतो आणि काय सांगायचे टाळतो, यावर पुढील तपासण्या व उपचार बऱ्याच अंशी अवलंबून असतात.

मिरज हे तर या दृष्टीने विशेष गाव आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे मिशन रुग्णालय सुरू केले. रेल्वेचे जंक्शन असल्याने कर्नाटकातूनही रुग्ण येथे येऊ लागले. आजही मिरजेच्या दवाखान्यांत मराठी, कानडी आणि हिंदी या तिन्ही भाषांत दुखणी सांगितली जातात. मोडलेला हात दाखवता येतो. पोटातले दुखणे मात्र शब्दांतच सांगावे लागते. म्हणूनच या घटकासाठी आपण पोटाचा जुनाट विकार हा विषय निवडला आहे. जो त्रास महिनोन्‌महिने राहतो, मधूनच कमी होतो आणि पुन्हा उलटतो, त्याला येथे ‘जुनाट विकार’ म्हटले आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ पोटाची शब्दसंपदा

मराठीने पोटाला मनाइतकेच महत्त्व दिले आहे. आपण अपराध पोटात घालतो, गुपित पोटात ठेवतो, भीतीने आपल्या पोटात गोळा येतो आणि कळकळीने बोलणारा पोटतिडकीने बोलतो. परंतु प्रत्यक्ष आतड्यांच्या क्रियेविषयी बोलायची वेळ आली की हीच भाषा संकोचते. ‘परसाकडे जाणे’, ‘झाड्याला जाणे’, ‘बाहेर जाऊन येणे’ हे प्रयोग क्रियेचे नाव टाळून केवळ दिशा किंवा जागा सांगतात. सभ्यतेच्या दृष्टीने ते योग्यच आहेत. अडचण अशी की, हा संकोच दवाखान्यातही सोबत येतो. शेजारी सासूबाई किंवा दीर उभे असतील, तर घरातील सून ‘पोट बरोबर नाही’ याच्या पुढे जात नाही.

दुसरी अडचण ‘पित्त’ आणि ‘गॅस’ या दोन शब्दांची आहे. छातीतील जळजळ, डोकेदुखी, उलटी, पोटफुगी, अंगावरची गांधी या सर्वांना आपल्याकडे ‘पित्त’ म्हणतात. जो शब्द सर्वच सांगतो, तो नेमके काहीच सांगत नाही.

याउलट बोलीत असे अनेक शब्द आहेत की ज्यांची नेमकेपणाची ताकद मोठी आहे. ‘मुरडा’ म्हणजे शौचाच्या भावनेबरोबर येणारी पिळवटणारी कळ. ‘आव’ म्हणजे चिकट, शेंबडासारखा स्राव. ‘ढाळ’ म्हणजे पातळ जुलाब. ‘खडा होणे’, ‘कुंथावे लागणे’, ‘करपट ढेकर’, ‘पोट साफ न होणे’ यांपैकी प्रत्येक शब्द वेगळे लक्षण सांगतो. हे शब्द गावंढळ समजून टाळण्याचे कारण नाही. आपल्या भागातील अनुभवी डॉक्टरांना ते चांगले समजतात.

४.३.२ एक शब्द, अनेक आजार

आयुर्वेदात या प्रकारच्या दीर्घ विकारांचा विचार ‘ग्रहणी’ या नावाखाली येतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधरावा अध्याय ग्रहणीचाच आहे. तेथे जाठराग्नीचे मंद होणे हे मूळ मानले असून पथ्यात ताकाला मानाचे स्थान आहे. लोकभाषेतील ‘संग्रहणी’ हा शब्द याच परंपरेतून आला. कधी पातळ तर कधी घट्ट मल, अन्न न पचणे, शरीर क्षीण होणे अशी लक्षणे या एकाच शब्दात सामावतात.

आधुनिक वैद्यक याच लक्षणांचे निरनिराळे आजार करते. क्षोभी आतडे, म्हणजे आय.बी.एस., यात आतड्याची रचना तपासणीत निरोगी दिसते, पण त्याची हालचाल व संवेदना बिघडलेली असते. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या विकारांत आतड्याला प्रत्यक्ष दाह होतो व जखमा होतात. अमीबा किंवा क्षयाचे जंतू हे संसर्गाचे कारण असते. सिलिअ‍ॅक विकारात गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे आजार वरवर पाहता इतके सारखे दिसतात की तज्ज्ञांनाही निर्णय करणे कठीण जाते. क्रोन्समध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. क्षय असताना तीच दिली तर क्षय बळावतो. म्हणून ‘घरात कोणाला क्षय झाला होता’, ‘संध्याकाळी अंगात कणकण असते’ ही वरवर असंबद्ध वाटणारी वाक्ये निर्णायक ठरू शकतात.

सिलिअ‍ॅकच्या बाबतीत आपला प्रदेश एका अर्थी सुदैवी आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांचे मुख्य अन्न ज्वारी. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसते. घरची भाकरी हेच येथे पथ्य होते. अवघड जागा निराळ्या आहेत : सणाची पुरणपोळी, लग्नातील पुरी, चहाबरोबरची बिस्किटे आणि अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेला डबीतील हिंग. मात्र तपासणीपूर्वीच गहू सोडू नये. सोडल्यास रक्ततपासणीत आजार दिसून येत नाही.

४.३.३ मोघम वर्णन आणि नेमके वर्णन

समजा, कडेगावकडील एक शिक्षिका डॉक्टरांकडे गेल्या आहेत. त्यांचे निवेदन दोन प्रकारे होऊ शकते.

(अ) “डॉक्टर, पोटाचा त्रास आहे. पित्त होतं. खाल्लेलं अंगी लागत नाही. लई दिवस झालं.”

(आ) “दिवाळीपासून, म्हणजे सहा-सात महिने झाले. आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी तीनदा परसाकडे जावं लागतं. आधी बेंबीखाली मुरडा येतो, जाऊन आल्यावर थांबतो. आव पडते, रक्त नाही. रात्री झोपेतून उठावं लागत नाही. वजन तेवढंच आहे. दूध घेतलं की आणि परीक्षेच्या दिवसांत वाढतं.”

दुसऱ्या निवेदनात कालावधी, वारंवारता, जागा, शौचाशी असलेला कळेचा संबंध आणि वाढीची कारणे आली आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात तीन नकार आहेत : रक्त नाही, रात्री उठणे नाही, वजन घटणे नाही. या नकारांमुळे डॉक्टरांचा विचार क्षोभी आतड्याकडे वळतो. हेच तीन नकार होकार झाले, किंवा ताप आणि पांडुरोग यांची भर पडली, तर वाट पूर्ण बदलते आणि विनाविलंब तपासणी करावी लागते. रोगनिदान करणे हे आपले काम नव्हे; निदानाला लागणारी माहिती न लपवता पुरवणे हे आपले काम आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘मुरडा’ आणि ‘आव’ यांचे अर्थ सांगा.
२. निवेदन (आ) मधील नकारांचे महत्त्व काय?

४.३.४ स्पष्ट कथनाचे एक उदाहरण

१९४४ साली आगाखान पॅलेसमधून सुटल्यानंतर गांधीजींच्या तपासणीत अमीबा आणि अंकुशकृमी यांचा संसर्ग आढळला होता. त्या वर्षीच्या जुलैत ते सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे प्रकृती सुधारण्यासाठी राहिले. आतड्यांचे दुखणे त्यांना नवे नव्हते. १९१८ साली खेडा जिल्ह्यात असताना त्यांना तीव्र आमांश झाला होता. आत्मकथेत त्यांनी तो प्रसंग सविस्तर सांगितला आहे : काय खाल्ले, मोह कसा आवरला नाही, दिवसभरात किती वेळा शौचास जावे लागले, औषध कसे नाकारले. औषध नाकारण्याचा त्यांचा आग्रह आपण अनुकरणीय मानू नये. परंतु ज्या विषयावर घरातही कुजबुजत बोलतात, तो त्यांनी हजारो वाचकांपुढे साध्या शब्दांत मांडला, आणि त्यामुळे लेखनाची प्रतिष्ठा कमी झाली नाही, हे भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावे.

४.३.५ ‘बरे होणे’ म्हणजे काय?

मराठीत आजार कमी होण्यासाठी ‘उतार पडणे’, ‘आराम पडणे’, ‘गुण येणे’, ‘आटोक्यात राहणे’, ‘बरे होणे’, ‘मुळापासून जाणे’ असे अनेक प्रयोग आहेत. रोजच्या बोलण्यात आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. जुनाट विकारात या गोंधळाची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाचे रक्त पडणे औषधाने थांबते. तो म्हणतो, ‘गुण आला’, आणि गोळ्या बंद करतो. काही महिन्यांनी आजार उलटतो. वस्तुतः ‘गुण येणे’ हा औषध लागू पडल्याचा आरंभ आहे, शेवट नव्हे. या अवस्थेला वैद्यकात ‘उपशम’ म्हणतात : आजार आहे, पण शांत आहे, आणि तो शांत ठेवण्यासाठीच औषध चालू असते. क्षयात पूर्ण बरे होता येते. परंतु औषधे किमान सहा महिने घ्यावी लागतात आणि बरे वाटू लागते ते त्यापूर्वीच. क्षोभी आतड्यात ‘बरे होणे’ याचा अर्थ आणखी निराळा आहे. वाटेत थांबावे लागेल या धास्तीशिवाय एस.टी.ने विटा ते सातारा जाता येणे, लग्नाच्या मांडवात निवांत बसता येणे, हेच तेथे बरे होणे. ‘मुळासकट बरा करू’ अशी जाहिरात नेमकी या शब्दगोंधळावर पोसली जाते. दमलेल्या रुग्णाला हवा असलेला शब्द ती देते.

घरातील भाषेचाही येथे वाटा असतो. वेगळे जेवण मागणाऱ्याला ‘खाण्याचे नखरे’ ऐकावे लागतात. पाहुण्याने चहा नाकारणे आपल्याकडे अपमानास्पद मानतात. अशा वेळी ‘मला चालत नाही’ यापेक्षा ‘माझं पथ्य आहे’ हे वाक्य उपयोगी पडते. ‘पथ्य’ या शब्दाला परंपरेचा मान असल्याने यजमान दुखावत नाही आणि आग्रहही थांबतो. मात्र पथ्य वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारून ठरवावे. भीतीपोटी एकेक पदार्थ सोडत गेल्यास शरीर आजाराऐवजी उपासमारीनेच खंगते.

४.३.६ आजाराचे टिपण

भेटीपूर्वी दोन आठवडे रोज पाच गोष्टी लिहाव्यात : (१) शौचाच्या वेळा व संख्या, (२) स्वरूप – खडे, घट्ट, मऊ, पातळ, पाण्यासारखे, आव किंवा रक्त, (३) कळ – जागा व वेळ, (४) आहार व औषध, (५) झोप व ताण. वाक्ये लहान असावीत आणि अनुमाने टाळावीत. ‘दुधामुळे बिघडले’ असे न लिहिता ‘सकाळी दूध, दोन तासांनी मुरडा’ असे लिहावे. जे तोंडाने सांगण्यास संकोच वाटतो, तो कागद डॉक्टरांच्या हाती देता येतो.

४.४ समारोप

पोटाच्या जुनाट विकारात औषधाइतकीच गरज योग्य शब्दांची असते. त्रास सांगताना बोलीतील नेमके शब्द वापरावेत, ‘पित्त’सारखे सर्वसमावेशक शब्द टाळावेत, नकार आवर्जून सांगावेत आणि ‘गुण आला’ म्हणजे ‘बरा झालो’ असे समजू नये. आपल्यापैकी अनेक जण घरात दवाखान्याचे कागद वाचणारी एकमेव व्यक्ती असतील. आई-वडिलांच्या, सासू-सासऱ्यांच्या दुखण्याला शब्द देण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. भाषेच्या अभ्यासाचा तोही एक उपयोग आहे.

४.५ शब्दार्थ

जाठराग्नी – अन्न पचवणारी शक्ती. आमांश – आव व मुरडा असणारी हगवण. उपशम – आजार शांत असण्याची अवस्था. पांडुरोग – रक्तक्षय. अंकुशकृमी – आतड्याला चिकटून रक्त शोषणारे जंत.

४.६ सरावासाठी प्रश्न

१. दवाखान्यातील संवादात संकोचामुळे निर्माण होणाऱ्या अडचणी सोदाहरण लिहा.
२. ‘गुण येणे’ आणि ‘बरे होणे’ यांतील भेद दोन आजारांच्या आधारे स्पष्ट करा.
३. उपक्रम : आपल्या गावातील वडीलधाऱ्यांकडून पोटाच्या तक्रारींविषयीचे दहा बोलीशब्द मिळवा व प्रत्येकाचा नेमका अर्थ लिहा.