महाडचा विंचू, पुण्याचं बाळ

संशोधन म्हटलं की पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि वातानुकूलित खोली डोळ्यांपुढे येते. तसं संशोधन महाराष्ट्रात होतंच. मुंबईच्या परळ भागातली हाफकिन संस्था त्यासाठी शंभर वर्षांहून अधिक काळ ओळखली जाते. पण परदेशी पाठ्यपुस्तकांनाही दखल घ्यावी लागली, अशी आपल्याकडची काही कामं तालुक्याच्या गावी आणि खेड्यातल्या बाळंतिणीच्या खोलीत उभी राहिली.

महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचू जांभ्याच्या फटीत, सरपणाच्या ढिगात, पेंढ्यात सापडतो. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो बहुधा तिच्याहून लहान असलेला हा लाल विंचू. दंश झालेलं मूल आधी मांत्रिकाकडे जायचं आणि तिथून उशिरा दवाखान्यात. ओकाऱ्या, दरदरून घाम, हातपाय थंडगार. मग काही तासांत धाप लागायची, तोंडाला फेस यायचा आणि खेळ आटपायचा. दवाखान्यात पोचूनही मरणारे पुष्कळ होते, कारण नेमकं मरतं कशाने हेच माहीत नव्हतं.

बावस्करांनी केलं ते ऐकायला साधं वाटतं. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद ठेवत गेले. त्या नोंदींतून चित्र उलगडलं. विंचवाचं विष मज्जातंतूंना इतकं पेटवतं की शरीर स्वतःच अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर सोडतं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी साचतं. घाम, ओकाऱ्या आणि थंड पावलं ही या संकटाची आधी मिळणारी सूचना असते, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात मांडलं.

रक्तवाहिन्या आवळल्या आहेत ना, मग त्या सैल करणारं औषध द्यायचं. प्राझोसिन ही गोळी त्या काळी रक्तदाबासाठी वापरात होती. बावस्करांनी ती विंचूदंशावर वापरली आणि १९८६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. गंभीर रुग्णांतलं शेकडा ४० च्या घरातलं मृत्यूचं प्रमाण शेकडा एकवर उतरलं. गोळी स्वस्त आणि द्यायची रीतही आरोग्य केंद्राला झेपणारी. रुग्णाला आडवं ठेवायचं, कारण उठून बसला तर रक्तदाब एकदम पडतो. दर तीन तासांनी गोळी द्यायची आणि हातपाय कोरडे, उबदार लागले की थांबायचं. औषध पुरे झालं की नाही हे पावलाला हात लावून ठरवता येतं, ही मला या उपचारातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

पुढे प्रतिविष मिळू लागल्यावर त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्करांबरोबर महाडमध्येच रीतसर तुलना केली. ७० रुग्णांपैकी निम्म्यांना नुसतं प्राझोसिन आणि निम्म्यांना जोडीला प्रतिविष. दोन्ही मिळालेले सरासरी दहा तासांत सावरले, नुसत्या गोळीवरच्यांना जवळपास अठरा तास लागले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तो अभ्यास छापला. बढतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजली जाते अशा आपल्या वैद्यकीय विश्वात हा अभ्यास एका खासगी दवाखान्यातून झाला, हे सांगायला हवं.

गडचिरोलीचं काम मराठी वाचकाला परिचित आहे, म्हणून थोडक्यात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि वेळ पडली तर इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. शेजारची ४७ गावं तुलनेला होती. त्यांच्या मानाने या ३९ गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई द्यायला भल्याभल्यांचा विरोध होता. आकडे बोलले आणि तो बराचसा मावळला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांना वेगळंच कोडं पडलं होतं. आपल्याकडे मधुमेह तरुण वयात आणि अंगाने किरकोळ असलेल्या माणसांना का होतो? उत्तर त्यांनी जन्माआधी शोधायचं ठरवलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत लग्न झालेल्या बायकांच्या घरी दर महिन्याला जाऊन पाळीच्या तारखा नोंदवल्या गेल्या, म्हणजे गर्भधारणा लवकरात लवकर कळावी. बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत त्याचं वजन, डोक्याचा आणि दंडाचा घेर घ्यायचा. खांद्याच्या फऱ्याखालची कातडी हलकेच चिमटीत धरून तिची जाडीही मोजायची.

ही मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. तिकडचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, इकडचं २.७. पोट आणि स्नायू यांत आपलं बाळ बरंच मागे, पण पाठीवरच्या चरबीत जवळजवळ बरोबरीला! ‘हडकुळं पण चरबीदार’ भारतीय बाळ जगापुढे आलं ते असं. २००४ साली याज्ञिकांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’मध्ये दिला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! तराजूवर ‘वजन बरोबर आहे’ म्हणून निर्धास्त होणाऱ्या सगळ्यांनी तो फोटो पाहण्यासारखा आहे.

याच गावांतल्या जवळपास दोन-तृतीयांश गर्भवतींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. ते मुख्यतः दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं आणि यातलं पुरेसं ताटात पडत नव्हतं. ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचं आढळलं. सरकारी गोळीत लोह असतं, फॉलिक अ‍ॅसिड असतं, बी-१२ नसतं. फॉलिक अ‍ॅसिड बाळाच्या मज्जारज्जूसाठी हवंच, ते बंद करा असं कोणी म्हणत नाही. प्रश्न आहे तो जोडीदाराचा.

म्हणून २०१२ मध्ये याच अभ्यासातली, आता वयात आलेली मुलंमुली पुढच्या प्रयोगात सामील झाली. कोणाला रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२, कोणाला त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं, कोणाला औषध नसलेली गोळी. फायदा पाहायचा होता तो त्यांच्या होणाऱ्या बाळांत, म्हणजे त्यांची लग्नं होऊन पाळणा हलेपर्यंत धीर धरणं आलं. आजीच्या ताटापासून नातवंडाच्या रक्तापर्यंतचा हा हिशोब आहे. मूळ अभ्यासाला लंडनच्या वेलकम ट्रस्टचा पैसा होता. तीन वर्षांचं अनुदान आणि दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल मागणाऱ्या व्यवस्थेत असलं काम बसवायचं कसं, याचं उत्तर पुण्याच्या गावांनी नव्हे, अनुदान देणाऱ्यांनी शोधायचं आहे.